बायोप्सीचा रिपोर्ट घ्यायला जाताना वही न्या

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात शुगर, बीपी, गुडघेदुखी सगळं येतं पण प्रोस्टेटबद्दल फारसं काही दिसत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. पुरुषांच्या मूत्राशयाखाली असते ती ही ग्रंथी, मराठीत त्याला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात हे मला आत्ता ह्या वयात कळलं, आमच्याकडे "लघवीचा त्रास आहे" एवढं म्हणायचं आणि विषय बंद.

आमचे हे 69 वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते. रात्री चार चार वेळा उठायला लागले, मग रक्ताची पीएसए तपासणी केली ती 11 आली (साधारण 4 च्या आत असावी म्हणतात, वयाप्रमाणे थोडं इकडे तिकडे), मग एमआरआय आणि मग बायोप्सी, सुईने 12 तुकडे काढले. लघवीतून चार दिवस लालसर जाईल हे आधी सांगितलेलं होतं त्यामुळे घाबरलो नाही, पण वीर्यातून काही आठवडे रक्त दिसू शकतं हे कुणीच सांगितलं नव्हतं आणि ह्यांनी ते मला सांगायला आठ दिवस लावले. एक मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा.

खरी फजिती झाली रिपोर्टच्या दिवशी. अडीच तास नंबर लावून बसलो आणि आत मिळाली पाच मिनिटं. डॉक्टर काही वाईट नव्हते, बाहेर पन्नास माणसं ताटकळलेली, ते तरी काय करतील. ते कॅन्सर म्हणाले आणि त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही, हे शेजारी मान हलवत होते म्हणून वाटलं ह्यांना कळतंय. परत येताना एसटीत ह्यांनी हळूच विचारलं, "काय म्हणाले गं डॉक्टर?" म्हणजे हे माझ्या भरवशावर आणि मी ह्यांच्या!

माझी भाची नर्स आहे, तिने फोनवर चांगलं झापलं. पुढची तारीख दहा दिवसांनी होती, तेवढ्यात तिने आमची तयारी करून घेतली. शंभर पानी वही आणली. जुने पीएसएचे कागद शोधले, तीन वर्षांपूर्वीचा एक लाइट बिलांच्या पिशवीत सापडला, आणि आकडा किती वेगाने वाढला ते डॉक्टरांना त्यावरूनच कळलं. चालू गोळ्यांच्या पट्ट्या घेतल्या. रक्त पातळ व्हायची गोळी बायोप्सीसाठी बंद केलेली ती परत कधी सुरू करायची हे आम्ही पहिल्या वेळी विचारलंच नव्हतं, बोला आता.

रिपोर्टमध्ये ग्लीसन स्कोअर म्हणून असतो, ग्लीसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी काढलेला, कॅन्सर किती जोरात वाढणारा ते त्यावरून कळतं, आकडा मोठा तितका जोर जास्त. ह्यांचा 3+4 म्हणजे 7. आता शाळेत 3+4 आणि 4+3 एकच शिकलो आपण, इथे तसं नाही, ज्या प्रकारच्या पेशी जास्त त्याचा आकडा आधी लिहितात म्हणून 4+3 जास्त जोरात वाढणारा. नुसतं "सात आलाय" म्हणून भागत नाही. बारापैकी किती तुकड्यांत निघाला, प्रोस्टेटच्या बाहेर गेलाय का, कुठे पसरलाय ते बघायला हाडांचा स्कॅन किंवा पेट स्कॅन लागेल का, ठरवायला आपल्याकडे वेळ किती, लघवीवर ताबा राहील का, नवराबायकोच्या संबंधांचं काय, हे सगळं वहीत लिहून नेलं. शेवटचं मीच विचारलं, हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. डॉक्टरांनी मात्र नीट सांगितलं. कमी ग्रेडचा, म्हणजे ग्लीसनचा आकडा कमी असेल तर काही जणांना लगेच काही न करता पीएसए आणि तपासण्या करत नुसती नजर ठेवतात हेही तेव्हाच कळलं. आणि दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट नेऊन उपयोग नाही, बायोप्सीच्या तुकड्यांच्या काचेच्या स्लाइड आणि ते तुकडे ज्यात ठेवतात ते मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्यावे लागतात, परळच्या टाटामध्ये ते परत तपासतात. महात्मा फुले योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो त्याला आधीच भेटा.

माझं म्हणणं एवढंच की बायोप्सीचा रिपोर्ट इंग्रजीतच देतात तर देऊ देत, पण त्याला एक मराठी कागद जोडा ना, आकड्यांचा अर्थ आणि काय काय विचारायचं ते लिहिलेला. आणि तोपर्यंत तुम्ही तरी रविवारच्या अंकात छापा, लोक कापून ठेवतील.

ह्यांचं ऑपरेशन की रेडिएशन ते मंगळवारी ठरणार आहे. वहीत आत्ता 14 प्रश्न झालेत, चौदावा ह्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलाय आणि मला दाखवत नाहीत.

आपली एक वाचक, फलटण