नाताळापर्यंत चारच पगार

भुसावळ
30 ऑगस्ट

प्रिय बेटा,

प्रभूच्या नावात तुला, सूनबाईला आणि छोट्याला सलाम.

नाताळाला चार महिने असताना आई आत्ताच कुठे हिशेब घेऊन बसली, असं तुला वाटेल. पण मी मुद्दाम आज लिहितेय. एक तारखेला तुझा पगार होईल. तो धरला तर नाताळापर्यंत तुझ्या हातात चारच पगार पडणार आहेत.

मागच्या नाताळाला तू पप्पांसाठी मोठा टीव्ही आणलास, सगळ्यांना कपडे, ताईच्या पोराला सायकल. पप्पा आल्यागेल्याला तो टीव्ही दाखवत होते. मग ईस्टरला तू आला नाहीस. सुट्टी मिळत नाही म्हणालास. खरं कारण मला मे महिन्यात ताईकडून कळलं. सगळं कार्डावर घेतलं होतंस, महिन्याला कमीत कमी भरायची तेवढीच रक्कम भरत होतास आणि उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज चढत होतं. तिघांच्या भाड्यालाही पैसे उरले नव्हते. बेटा, ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला आम्ही दोघंच गेलो. परत आल्यावर पप्पांनी टीव्ही लावला, तेव्हा काही माहीत नसतानाही मला तो नकोसा झाला होता. आता तर कारणही माहीत आहे.

तुला आपलं क्वार्टर आठवतं ना? रेल्वेचा बोनस दसऱ्याच्या आधी हातात यायचा. शेवटची काही वर्षं तर 78 दिवसांचा. सगळ्या लाइनीत त्या पैशाची दिवाळी व्हायची आणि आपल्याला तो दोन महिने सांभाळायचा असायचा. ते सोपं नव्हतं. तू सहा-सात वर्षांचा असताना दारात उभा राहून शेजारच्यांचे अनार बघायचास आणि मला पोटात कालवायचं. एका वर्षी मी शिलाई मशीनच्या खणात ठेवलेल्या त्या पैशांतून शंभराची नोट काढली, हातात धरली आणि परत ठेवली. शेजारच्या मावशीनं तेव्हा तुझ्या हातात स्वतःच्या पोराच्या फुलबाज्या दिल्या. त्यांच्या दिवाळीच्या फराळाची ताटं आपल्याकडे यायची. नाताळात तीच ताटं आपण भरून पाठवायचो, बावीस घरं. करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि केकचा एकेक तुकडा. बावीस घरांचा फराळ उधारीशिवाय व्हायचा, तो त्या खणातल्या पैशामुळे. 26 तारखेला आपण कोणाचे देणेकरी नसायचो. त्या सकाळी पप्पा किती निवांत चहा प्यायचे, ते मला आजही दिसतं.

तुझ्यासाठी मी महिन्याला 6 हजार धरलेत. चार पगारांचे 24 हजार होतात. सगळा नाताळ त्यात बसवायचा: जाण्यायेण्याची तिकिटं, कपडे, प्रीतिभोजनाची वर्गणी, मुलांचा खाऊ. नाताळचं दान मात्र पहिल्याच महिन्यात बाजूला काढ. शेवटी उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही. हे पैसे पगाराच्या खात्यात ठेवू नकोस. तुझं जुनं खातं पडून आहे, त्यात टाक आणि ते मोबाइलला जोडू नकोस.

तिकिटांचं नीट लक्षात ठेव. पूर्वी चार महिने आधी आरक्षण मिळायचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलंय. 23 डिसेंबरच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसचं बुकिंग 24 ऑक्टोबरला सकाळी 8 वाजता उघडेल. रात्री पुण्याहून बसलात की सकाळी भुसावळ. परतीचं 2 जानेवारीचं काढायचं तर 3 नोव्हेंबरला. म्हणजे 31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना, वॉच नाइटही इथेच होईल. तत्कालच्या भरवशावर राहू नकोस. गेल्या वर्षी त्यात नंबर लागला नाही आणि ट्रॅव्हल्सला तिप्पट भाडं मोजून आलात, छोट्याला रात्रभर मांडीवर घेऊन.

इथलं मी बघते. काजू-बेदाणे दर महिन्याला पाव-पाव किलो घेते, म्हणजे एकदम भार पडत नाही. केकची फळं आपण संत्र्याच्या रसात भिजवतो, ती फार दिवस टिकत नाहीत, म्हणून ते काम डिसेंबरातच. रवा-मैदाही तेव्हाच, नाहीतर अळ्या होतात. तारा मागच्या वर्षीचाच लावायचा. पप्पांनी परवा माळ्यावरून काढून तपासला, फक्त दिव्याची वायर बदलावी लागेल. 26 ला ताईच्या सासरची माणसं येतील. त्यांना बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी करू. तेव्हा थंडीत वांगी गोड असतात आणि स्वस्तही. हॉटेलात न्यायचा विचार मनात आणू नकोस.

पप्पांना या वर्षी काही आणू नकोस. मी त्यांना विचारलं. "त्याला म्हणावं, ईस्टरलाही ये," एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. कार्डाचं अजून किती बाकी आहे, ते मला खरं खरं कळव. रागावणार नाही. थोडं राहिलं असेल तर नाताळाच्या 6 हजारांतले दोन हजार तिकडे वळव. आपण कपडे कमी करू, माझ्याकडे दोन साड्या अजून घडी न मोडलेल्या आहेत.

छोट्याचा शर्ट मी शिवणार आहे. नोव्हेंबर लागला की मंडळीतल्या सगळ्यांचं कापड माझ्याकडे येतं आणि मग मशीनवरून उठता येत नाही, म्हणून घरचं ऑक्टोबरातच उरकते. त्याची छाती, खांदा आणि उंची मोजून सूनबाईला लिहून पाठवायला सांग. दोन बोटं वाढवून लिहू नका म्हणावं, वाढीव कापड मी आतून ठेवते.

तुझी,
आई