कृष्णाकाठच्या आमच्या अक्कांना

अक्का, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हीच बजावून ठेवलंय की माझं नाव कुठं घालायचं नाही, गावाचं घाला, पण प्रकरण अजून चालू आहे म्हणून गावाचंही सध्या घालत नाही. सांगलीच्या वरच्या अंगाला नदीकाठी राहणाऱ्या कुणालाही बरोबर कळेल मी कशाबद्दल बोलतेय ते. नदीचं पाणी कमी झालं की एखाद्या सकाळी पाणी काळपट तांबडं दिसायचं, वर फेस, वास असा की दारं लावून घ्यायची, आणि काठाला मेलेल्या माशांचा खच. पेपरात फोटो यायचा, "मळीमिश्रित पाण्यामुळे मासे मृत", चार दिवस पारावर चर्चा, मग कोयनेतनं पाणी सुटलं की सगळी घाण खाली सांगलीकडं वाहून जायची आणि विषयपण तिच्याबरोबर जायचा. तुम्ही आल्यापासनं तो विषय गावातनं गेला नाही, म्हणून हे पत्र.

बाहेरच्यांना वाटतं साखर कारखाना एकीकडं आणि गाव एकीकडं, आता लढा. आमच्यात तसं नसतं हो. माझे सासरे सभासद, दीर तिथंच कामाला, ऊस तिथंच जातो, पोरांची फी आणि दवाखाना सगळं उसाच्या बिलावर, आणि जे पाणी घाण होतंय तेच आम्ही जॅकवेलमधनं (नदीकाठच्या उपशाच्या विहिरीतनं) उचलून पितोय. त्यामुळं देवळात पहिली मीटिंग झाली तेव्हा एकजण उठून म्हणाला, "कारखाना बंद पाडायचाय का?" आणि सगळं देऊळ गप झालं. माझे दीर मागं खांबाला टेकून बसलेले, त्यांच्याकडं बघायचं धाडस मला होईना. तुम्ही आवाज न चढवता विचारलंत, सभासद कोण कोण आहात, हात वर करा. निम्म्यापेक्षा जास्त हात वर. मग म्हणलात, "म्हणजे कारखाना तुमचा आहे. बंद कशाला पाडायचा? सर्वसाधारण सभेत लेखी प्रश्न विचारायचा, की डिस्टिलरीचं सांडपाणी जातं कुठं, आणि उत्तर इतिवृत्तात घ्या म्हणायचं."

अक्का, मी आजवर बऱ्याच पुढाऱ्यांची भाषणं ऐकलीत पण गाव फुटता फुटता असं एका वाक्यात धरून ठेवलेलं बघितलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही कारखान्याच्या नावानं चार शिव्या घातल्या असत्या तर टाळ्या पडल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दिरांसारखी माणसं मीटिंगला आली नसती. आता तेच दीर सांगतात कुठली पाईप कुठं जाते ते (हे छापायला त्यांची परवानगी घेतलीय).

दुसरं म्हणजे ते पहाटेचं. आम्हाला वाटायचं मासे मेले की ओरडायचं. तुम्ही कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या सरांकडनं नीट शिकून आला होता आणि आम्हा बायकांना ओट्यावर बसून सांगितलंत, की स्पेंट वॉशमध्ये (डिस्टिलरीत मळीपासनं अल्कोहोल काढल्यावर उरतं ते सांडपाणी) विष असेलच असं नाही पण त्यात जंतूंना खायला इतकं असतं की नदीत त्यांची जत्रा भरते आणि ते पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतात. दिवसा शेवाळ थोडाफार ऑक्सिजन तयार करतं, रात्री ते बंद, म्हणून पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी आणि मासे तेव्हाच वर येऊन तोंड उघडतात. साहेब लोक येणार अकराला! म्हणून पहाटेच काठावर पाहिजे, तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग, वास हे सगळं वहीत लिहायचं, फोटो काढायचा. नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी (म्हणजे त्यातली घाण खायला जंतूंना किती ऑक्सिजन लागतो ते माप) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे आणि कच्च्या स्पेंट वॉशचा ४०,००० च्या घरात असू शकतो, एक लिटर अल्कोहोल काढलं की साधारण ८ ते १५ लिटर हे पाणी तयार होतं आणि डिस्टिलरीनं ते नदीत सोडायचंच नसतं, हे सगळं आज आमच्या गावातली सातवी शिकलेली बाई न अडखळता सांगते. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

आणि तुम्ही खोटी आशा कधी लावली नाही. पोरांनी उत्साहानं मिनरल वॉटरच्या बाटल्या भरून आणल्या तर तुम्ही स्पष्ट सांगितलं की ही बाटली कोर्टात चालणार नाही, १९७४ च्या पाणी कायद्यात नमुना कसा घ्यायचा ते लिहिलंय, अधिकाऱ्यानं नोटीस देऊन, दोन भाग करून, सील करून, सह्या घेऊन. आपली बाटली आणि आपली वही कशाला, तर ज्या नाल्यातनं ती घाण नदीत येते त्या नाल्यावर अधिकाऱ्याला वेळेत आणायला. आणि आणलंत! ते साहेब आले तेव्हा नाल्यावर आम्ही बायका, भोई आळीतले लोक, दोन सभासद आणि तुम्ही, कुणी घोषणा दिली नाही, फक्त वही पुढं केली. त्यांनी पानं उलटली, दोन ठिकाणी थांबून तारखा परत वाचल्या, मग गाडीतनं कॅन आणि बर्फाचा डबा काढला.

पोच, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का-सहीचा पुरावा. हे तर तुमचं सगळ्यात मोठं देणं. ग्रामसेविका म्हणून नोकरी केलेल्या माणसाला कागदाचं काय ते खरं कळतं. अर्ज दोन प्रतीत न्यायचा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही घेतल्याशिवाय टेबलावरनं हलायचं नाही. एका ऑफिसात (कुठल्या ते सोडा) क्लार्क म्हणाला ठेवा हो, शिक्का नंतर मारतो. भोई आळीतल्या आमच्या मावशी, ज्यांना फक्त सही येते, त्या म्हणल्या, "मारा सावकाश, आम्ही बसतो हितं," आणि खरंच पदर आवरून बाकावर बसल्या. शिक्का मिळाला. मावशींनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलाय, घरपट्टीच्या पावत्यांबरोबर.

माहिती अधिकाराचा पहिला अर्जही तुम्ही मावशींच्याच नावानं करायला लावला. १० रुपये फी असते, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीपण माफ, पण कारण ते नव्हतं. तुम्ही म्हणलात ज्याचं नुकसान सगळ्यात जास्त त्याचं नाव पहिलं. मासे मेले तर बागायतदाराचा ऊस तसाच उभा असतो, मावशींच्या घरात मात्र त्या आठवड्यात चूल कशावर पेटवायची हा प्रश्न. आमच्या गावात आजपर्यंत कुठल्याही अर्जावर भोई आळीचं नाव पहिलं नव्हतं. त्याच्यावरनं थोडी कुजबुज झालीच, तुम्ही तिकडं लक्षच दिलं नाही.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते हे कायद्यात आहे, आमच्याकडं ती रजिस्टरमध्ये सह्या गोळा करून व्हायची. तुम्ही दारोदार फिरून ती खरी भरवलीत. मी सून माणूस, चारचौघांत उभं राहून बोलायची सवय नाही, घसा कोरडा पडला होता, पण नाल्याचा ठराव मी मांडला आणि ग्रामसभेत तो तसाच्या तसा मंजूर झाला. गणपूर्ती झाली का बघा म्हणून तुम्ही मागनं सांगत होता, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी ते, नाहीतर उद्या ठरावच टिकणार नाही.

पण अक्का, मला विचाराल तर तुमचं सगळ्यात मोठं काम कोप्यांवरचं, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांवरचं आहे. दिवाळी झाली की बीडकडची आणि आपल्याच जतची ऊसतोड माणसं येतात, नदीकाठाला कोप्या टाकतात, आणि आम्ही निदान फिल्टरमधलं पाणी पितो, ती डायरेक्ट नदीचं. त्यांचं मत इथं नाही, त्यामुळं त्यांच्याबद्दल कुणी ठराव करत नाही. आमच्या एकाही अर्जात त्यांचा शब्द नव्हता. तुम्ही आधी मुकादमाला भेटलात, मग संध्याकाळी बायका फडातनं परत आल्या की त्यांच्यात जाऊन बसलात, पोरांना जुलाब किती, अंगावर खाज किती, पाणी कुठनं आणता. एक पोरगी, विशीची असेल, कडेवर बाळ, ती म्हणाली इथं पहिल्यांदा कुणी विचारलं. ते तुम्ही अर्जात घातलंत आणि ग्रामपंचायतीला कोप्यांपर्यंत पाण्याचा टँकर द्यायला लावलात. जाताना तुम्ही बलवडीच्या बळीराजा धरणाची गोष्ट सांगितलीत, ऐंशीच्या दशकात येरळेवर लोकांनी स्वतः उभं केलेलं, आणि भूमिहीनांनासुद्धा पाण्यात वाटा पाहिजे असं त्यांनी धरून ठेवलेलं. आपल्याच खानापूर तालुक्यातलं हे, आणि मला सांगली जिल्ह्यात लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी कुणी सांगितलं नव्हतं.

आता कुठवर आलंय ते सगळ्यांना कळावं म्हणून लिहिते. नाल्याचं तोंड बांधून घेतलंय, या वर्षी मासे मेले नाहीत पण पाण्याला वास दोनदा आला, दोन्हीची नोंद वहीत आहे. सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारला, उत्तर गोलगोल आलं पण इतिवृत्तात आलं. पुण्याच्या हरित लवादाकडं जायचं का यावर गावात दोन मतं आहेत, वकिलांनी सांगितलंय की घटना घडल्यापासनं ६ महिन्यांच्या आत जावं लागतं म्हणून वहीतल्या तारखा फार महत्त्वाच्या. खालच्या दोन गावांतल्या बायका वही कशी ठेवायची ते शिकायला आल्या होत्या. शिकवायला तुम्ही नव्हता, मावशींनी शिकवलं.

तुमचे आभार मानताना एक गोष्ट मनाला लागते ती लिहितेच. तुम्ही पेन्शनमधनं एसटीचं तिकीट काढून येत होता, गुडघे दुखत असताना नाल्याच्या कडेनं उतरत होता आणि चहाशिवाय काही घेत नव्हता. गावानं वर्गणी काढली तर ती झेरॉक्सला वापरा म्हणून परत दिलीत. तुमच्याविरुद्ध कायकाय बोललं गेलं तेपण आम्हाला माहीत आहे, बाहेरची बाई, कुणाची तरी माणूस, पैसे घेतलेत. एका शब्दानं तुम्ही कधी आम्हाला ते ऐकवलं नाही. म्हणून मी इथं उघड, सगळ्यांसमोर सांगते की या बाईनं आमच्याकडनं एक रुपया घेतलेला नाही आणि ज्यांना शंका असेल त्यांनी आमच्या गावात येऊन विचारावं.

सीझन सुरू व्हायच्या आत कोप्यांची जागा नदीपासनं जरा वर, गायरानाच्या कडेला द्यायची असं ग्रामपंचायतीत चाललंय, त्याच्या बैठकीला तुम्ही पाहिजे. सकाळच्या एसटीनं या, स्टँडवर दीर गाडी घेऊन येतील. आणि या वेळी चहावर भागणार नाही, जेवूनच जायचं, मावशींनी आधीच सांगून ठेवलंय.

तुमची,
नाल्याचा ठराव मांडणारी सून