‘महिन्यात 10 किलो’चा हिशेब

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रिक्षांच्या पाठीवर, विजेच्या खांबांवर आणि सकाळी वर्तमानपत्रातून घरात येणाऱ्या पत्रकांवर ‘महिन्यात 10 किलो वजन घटवा’ हे आश्वासन सध्या सर्रास दिसते. त्याचा साधा हिशेब मात्र कोणी मांडत नाही, म्हणून हे पत्र.

एक किलो चरबीत सुमारे 7700 किलोकॅलरी साठलेल्या असतात. अशी 10 किलो चरबी 30 दिवसांत उतरवायची, तर रोज अडीच हजारांहून अधिक किलोकॅलरींची तूट पडायला हवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठे काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची गरजच सुमारे 1660 किलोकॅलरी धरली आहे. म्हणजे तिने महिनाभर नुसत्या पाण्यावर काढला तरी हे गणित जुळत नाही. अशा उपासमारीत काटा झपाट्याने खाली येतो तो बऱ्याच अंशी शरीरातले पाणी आणि स्नायू घटल्यामुळे. शिवाय केस गळतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि नेहमीचे जेवण सुरू होताच वजन पुन्हा चढते.

याच संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेनुसार आठवड्याला अर्धा किलो ही घट सुरक्षित आहे, आणि वजन उतरवण्याचा आहारसुद्धा दिवसाला 1000 किलोकॅलरींच्या खाली नेऊ नये. अर्ध्या किलोसाठी रोज साडेपाचशेच्या आसपास किलोकॅलरी कमी झाल्या तरी पुरे. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 असतात. दोन-दोन चमचे साखरेच्या चार कप चहात दीडशे निघतात. बाकीच्या किलोकॅलरी फरसाणाच्या डब्यात आणि भाताच्या दुसऱ्या वाढीत सापडतात.

आपल्या ताटात पदार्थ योग्यच आहेत, प्रमाण तेवढे बिघडले आहे. कोशिंबीर चटणीशेजारी चमचाभर, उसळ वाटीच्या तळाशी, आणि पोटभरीला पोळी नि भात. मार्गदर्शिका अर्धे ताट भाज्या व फळांना देते आणि धान्यांतून मिळणारी ऊर्जा 45 टक्क्यांवर जाऊ देत नाही. तेव्हा चारऐवजी दोन पोळ्या, उसळ किंवा घट्ट वरण वाटीभर आणि कोशिंबीरही वाटीभर, एवढा बदल कोणत्याही पावडरीपेक्षा स्वस्त पडतो. गव्हाऐवजी ज्वारी आणली की झाले, असे मानणाऱ्यांनी भाकरीही मोजूनच खावी. उपवासाचे तर बोलायलाच नको: साबुदाण्याच्या 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे किलोकॅलरी असतात आणि प्रथिने जेमतेम नावाला, त्यावर तूप आणि बटाटा. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती स्त्रियांची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे, तर जवळपास पाव स्त्रियांचे वजन जास्त असल्याचे आढळले. वजन जास्त आणि रक्त कमी अशी अवस्था एकाच बाईची असू शकते. तिने रात्रीचे जेवण सोडून सकाळी लिंबू-मध घेतला, तर लोह आणि प्रथिने आणखी घटतात. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जेवण तोडूच नये.

1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या अनुसूचीत लठ्ठपणाचा समावेश आहे. त्यावर औषध म्हणून काही विकण्याची जाहिरात करता येत नाही. विक्रेते म्हणूनच आपल्या डब्याला ‘आहारपूरक’ म्हणवतात. विक्रेत्यांनी अंकात घातलेल्या पत्रकांवर आपले नियंत्रण नसते, हे मी जाणतो. परंतु छोट्या जाहिरातींच्या पानावर किलो आणि दिवसांची हमी देणारा मजकूर स्वीकारण्यापूर्वी जाहिरातदाराकडे त्या दाव्याचा पुरावा आणि सल्ला देणाऱ्या व्यक्तीची शैक्षणिक पात्रता मागावी, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, सोलापूर