इथे चोर नाहीत बाबा, पण वारा आहे

रेक्याविक,
जुलैचा शेवटचा आठवडा

प्रिय आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर सांगायला गेलं की बाबा मधेच "हो हो, कळलं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून सप्टेंबरात तुम्ही इकडे आइसलँडला येण्याआधी काय काय सांभाळायचं ते यावेळी लिहूनच काढलं. आई, संध्याकाळच्या चहाला त्यांना समोर बसवून हे वाचून दाखव, मधे उठू देऊ नकोस.

तर बाबा, तुम्ही तो मेसेज फॉरवर्ड केला होतात ना, की आइसलँड जगातला सगळ्यात शांत देश आहे, आता कसली काळजी. बरोबर आहे, 2008 पासून ग्लोबल पीस इंडेक्समध्ये हाच देश पहिला येतोय. इथल्या बाया बाळाला बाबागाडीत झोपवून कॅफेच्या बाहेर ठेवतात आणि स्वतः आत कॉफी पीत बसतात, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाच घाम फुटला. तेव्हा आईचं मंगळसूत्र सुरक्षित आहे. पण इथे जीव जातो तो वाऱ्याने, पाण्याने आणि "काय होत नाही गं" म्हणायच्या सवयीने, आणि ती सवय आपल्या घरात कोणाला आहे हे मी सांगायला नको.

चाळकेवाडीला पवनचक्क्यांखाली उभं राहिलो होतो तेव्हा आईचा पदर आवरत नव्हता आठवतंय? तसला वारा इथे रोजचाच. आमच्या पहिल्या हिवाळ्यात भाड्याच्या गाडीचं दार तुमच्या जावयांच्या हातातून सुटलं ते पार उलटं फिरलं, बिजागरी वाकली, आणि वाऱ्याने मोडलेलं दार त्या इन्शुरन्समध्ये बसत नाही हे तेव्हा कळलं, पुढचा महिनाभर आमचं हॉटेलात जाणं बंद. म्हणून गाडी थांबली की लगेच उतरायचं नाही, दार दोन्ही हातांनी धरून हळू उघडायचं. आणि छत्री आणू नका हो, इथे छत्री उघडली की ओळखायचं की माणूस कालच आलाय.

आता मुख्य गोष्ट. विक गावाजवळ रेनिसफ्यारा म्हणून काळ्या वाळूचा किनारा आहे, इथून अडीच तासांवर. बाबा, तुम्हाला तो आवडणार, कारण तिथले खांब म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड, बेसाल्ट, फक्त एकाला एक चिकटून पेन्सिली उभ्या केल्यासारखा. पण तिथे सात-आठ लाटा गरीब गाईसारख्या येतात आणि मग एक अशी येते की जिथे कोरडी वाळू होती तिथे कमरेएवढं पाणी, आणि परत जाताना पायाखालची वाळूच ओढून नेते. पाणी इतकं गार की चांगल्या पोहणाऱ्याचे पण हातपाय चालत नाहीत. माणसं गेलीत तिथे, 2025 च्या ऑगस्टमध्ये एक लहान मुलगी गेली. वाटेवर सिग्नलसारखे दिवे लावलेत, लाल असला तर खाली जायचंच नाही, आणि लाल नसला तरी समुद्राकडे पाठ करायची नाही. गणपतीपुळ्याला तुम्ही फोटोसाठी पँट वर करून गेला होतात आणि चप्पल वाहून गेली, ती गोष्ट सगळे हसत सांगतात, मी नाही हसत आता. फोटो मी काढेन, लांबून, झूम करून.

गाडी तुम्ही चालवायची नाही. आंबेनळी घाट धुक्यात तुम्ही उतरवलाय, मान्य आहे, पण इथे उजव्या बाजूने चालवतात, दिवसा पण हेडलाइट लावावे लागतात, गावाबाहेर डांबरी रस्त्याला 90 आणि खडीच्या रस्त्याला 80 ची लिमिट, आणि डांबर संपून खडी सुरू होते तिथेच नवखे लोक घसरतात. नद्यांवर एकाच गाडीपुरते पूल असतात, जो आधी पोचला तो आधी जाणार, डिपर मारून घुसायचं नाही. शिवाय तुम्ही याल तेव्हा मेंढरं डोंगरावरून खाली आणायचे दिवस असतात, अगदी आपल्या धनगरांसारखी रस्ताभर. एखादी गाडीखाली आली तर मालकाला भरपाई आपण द्यायची.

ज्वालामुखीचं विचारलं होतंत. ग्रिंडाविक गाव नोव्हेंबर 2023 मध्ये रिकामं केलं आणि डिसेंबरपासून त्या बाजूला बऱ्याचदा लाव्हा आला, विमानतळ पण त्याच भागात आहे. पण 2010 च्या इथल्या स्फोटासारखी आकाशभर राख यात नसते, जमिनीला भेग पडते आणि लाव्हा वाहतो, त्यामुळे विमानं बहुतेक चालूच राहतात. मला त्याची भीती नाही वाटत, लाटेची वाटते.

उकळत्या झऱ्यांपाशी दोरीच्या आतच उभं राहायचं, बोट बुडवून बघायचं नाही, ते पाणी 80 ते 100 डिग्री असतं. आई, तुझ्यासाठी वेगळं: नळाच्या गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो, गंधकाचा, त्यात काही वाईट नाही, पण चांदी काळी पडते, तेव्हा जोडवी, पैंजण घरीच ठेव. प्यायला गार पाण्याचा नळ, बाटली विकत घ्यायची नाही. पोहायच्या तलावात जायच्या आधी सगळ्या बायका एकाच खोलीत कपडे काढून अंघोळ करतात, तो नियमच आहे, तुला नको वाटलं तर आपण दोघी काठावर बसू.

सामान: लोकरीचं आतून, वाऱ्याचं जॅकेट वरून, जीन्स नको, भिजली की वाळत नाही. सप्टेंबरात 7 ते 10 डिग्री असेल. कंदी पेढे आणि तूप आणू नका, युरोपबाहेरचं दुधाचं चालत नाही, एअरपोर्टवरच काढून घेतील आणि मला तिथेच रडू येईल. गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी भरपूर आणा. साध्या कॉफीला चार-पाचशे रुपये पडतात, त्यामुळे थर्मास पण. रोख पैसे लागतच नाहीत, पण कार्डाचा पिन पाठ करून या, पेट्रोल पंपावर लागतो. बाबांच्या बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. शेंगेन व्हिसाला, म्हणजे आइसलँडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाला, किमान 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच, स्वस्त म्हणून घेऊ नका, वयाची आणि बीपीची अट नीट वाचा, नाहीतर मला फोटो पाठवा.

काही झालं तर 112, इंग्रजीत बोलतात. वाचवायला येणारे बहुतेक गावातलेच लोक, बिनपगारी, वर्षअखेरीला फटाके विकून दोर आणि गाड्यांचा खर्च काढतात. आपल्याकडे महाबळेश्वरला दरीत कोणी पडलं की ट्रेकर्सची पोरं उतरतात ना, तसं. आपल्यामुळे त्यांना रात्री उठायला लागू नये एवढंच.

आई, बाबांच्या पायाचा नंबर कळव, 8 का 9, आणि जाड मोजा घालून मोजायला सांग. बूट मी इथेच घेऊन ठेवते, बाबा सँडलवर येतील याची मला खात्री आहे.

तुमची,
मनू