सोबत एक रेघोटी पाठवतोय

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. तीनदा वाचलं. पहाटे उठून बसतोस, पुढच्या दहा वर्षांचा हिशेब मांडतोस आणि उजाडेपर्यंत त्यातच बुडून जातोस, हे वाचून आधी पोटात तुटलं. मग थोडं हसूही आलं, रागावू नकोस. गेल्या वर्षी माझाही हाच उद्योग चालला होता. नोकरी जाईल, अंथरूण धरीन, मुलं लांब जातील... जे घडलंच नव्हतं त्याचं सुतक मी रोज पाळत होतो.

तेव्हा दर शनिवारी मी कुठे जायचो, हे तुला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची, दुसरं काय! एक चित्रकार आणि एक मानसशास्त्रज्ञ बाई मिळून आठ आठवड्यांचा वर्ग घेत होते. विषय एकच, उद्याची भीती. आणि माझी चित्रकला तर तुला ठाऊकच आहे. माझा घोडा बघून तू विचारलं होतंस, "ही खुर्ची का?"

पहिल्याच दिवशी त्या दोघांचीच जुंपली. चित्रकाराला प्रत्येकासमोर मोठा कोरा कागद हवा होता. मोकळं सोडा त्यांना, म्हणाला. बाई म्हणाल्या, "उद्या मोकळा आहे म्हणूनच घाबरलीत ही माणसं. त्यांच्यापुढे आणखी एक मोकळं मैदान कशाला?" शेवटी कागदावर चिकटपट्टीने चौकट आखली गेली. मला ते पोरकट वाटलं. पुढे वाचनात आलं की २००५ साली करी आणि कॅसर या दोन संशोधकांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर जवळपास हेच तपासलं होतं. आधी मुलांना भीतीचा प्रसंग आठवायला लावला. मग काहींना रंगवायला मंडल, म्हणजे गोलाकार नक्षी दिली, काहींना चौकड्यांची नक्षी, काहींना नुसता कोरा कागद. मंडल आणि चौकड्या रंगवणाऱ्यांची चिंता उतरली, कोऱ्या कागदाने तसं काही झालं नाही. म्हणजे भांडणात बाई जिंकल्या. पण चौकटीच्या आत काय करायचं, यात त्यांनी शेवटपर्यंत ढवळाढवळ केली नाही, हेही खरं.

तिसऱ्या शनिवारी भीती काढायला सांगितली, कोळशाच्या कांडीने. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आपण सहज म्हणतो. त्या राक्षसाला कधी कागदावर उतरवून बघ. मी अर्धा तास खपलो तरी त्याला पाय काढता येईनात. कुठून येतो, कसा चालतो, काहीच माहीत नाही! नुसती एक काळी पाठ झाली, आणि तीही चौकटीत मावली. थॉमस बोर्कोव्हेक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने काळजीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्याचं म्हणणं असं की काळजी मुख्यतः शब्दांत चालते, चित्रांत फारशी नाही. आपण मनात बोलत सुटतो, 'आणि समजा तसं झालं तर?', त्यामुळे भीती धड डोळ्यांसमोर येत नाही आणि विरतही नाही. हे वाचलं आणि मला तुझे पहाटेचे हिशेब आठवले.

पण माझं खरं काम झालं ते जलरंगांनी. कागद ओला करायचा, त्यावर निळा रंग सोडायचा आणि हात मागे घ्यायचा. बस. रंग कुठे जाईल ते त्याचं तो ठरवणार. मला ते सोसेना. मी कापसाने टिपतोय, कागद तिरका करतोय, फुंकर मारतोय. चित्रकार म्हणाला, "वाळू दे रे." बाई शेजारी येऊन बसल्या आणि हळूच विचारलं, "घरी रात्री असंच टिपत बसता का?" मी गप्पच. मानसशास्त्रात याला अनिश्चितता न सोसणं म्हणतात. संकटापेक्षा 'माहीत नाही' हेच जास्त छळतं. नुसत्या चित्रकाराने मला रंग शिकवला असता. नुसत्या बाईंशी बोलत बसलो असतो, तर मी उत्तम युक्तिवाद केला असता, तुला माझी सवय माहीत आहे. दोघं एकत्र होते म्हणून पकडला गेलो.

ही जोडी काही नवी नाही. ब्राझीलमध्ये नीझे दा सिल्व्हेरा नावाच्या मनोविकारतज्ज्ञ होत्या. विजेचे झटके आणि मेंदूवरच्या शस्त्रक्रिया त्यांना मान्य नव्हत्या. १९४६ मध्ये रिओ दि जानेरोतल्या मनोरुग्णालयात त्यांनी आल्मिर माविग्निएर या तरुण चित्रकाराला सोबत घेऊन रुग्णांसाठी चित्रशाळा उघडली. तिथल्या चित्रांचं पुढे, १९५२ मध्ये, संग्रहालय झालं.

"मला साधी रेघ ओढता येत नाही," असं तू म्हणणारच. गिरिजा कैमल या संशोधिकेने २०१६ मध्ये ३९ जणांना पाऊण तास रंग, माती, कागद देऊन बसवलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, त्यानंतर कमी झालं होतं. आधी चित्रकला केली आहे की नाही, याने फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे आणि उरलेल्या लोकांचं काही कमी झालं नाही, तेव्हा हुरळून जाऊ नकोस. आणि हो, झोप अशीच उडालेली राहिली तर आधी डॉक्टरकडे जा. रंगपेटी हे औषध नाही. माझीही भीती गेली असं नाही. नोकरीचं अजून अधांतरीच आहे. फक्त हल्ली रात्री जाग आली की मी हिशेब करत नाही, उठून कागद ओला करतो. बायको म्हणते, वेड लागलंय.

सोबतच्या कागदावर मी डोळे मिटून एक रेघोटी ओढली आहे. डोनाल्ड विनिकॉट हे बालमनोविश्लेषक मुलांशी हा खेळ खेळायचे. एकाने रेघोटी ओढायची, दुसऱ्याने तिचं काहीतरी करायचं, मग अदलाबदल. चौकट मी आखून दिली आहे. रेघोटीचं काय करायचं ते तू कर आणि खाली तुझी एक रेघोटी ओढून परत पाठव. घोडा काढलास तर मी खुर्ची म्हणणार, हे आधीच सांगून ठेवतो.

तुझाच,
तोच घोडेवाला