काल गुरुवार होता रे

नाशिक, शुक्रवार, १९ डिसेंबर

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, मुलाखत दिली त्या भोसरीच्या कंपनीचं काही खरं नाही. तीनदा रिंग दिली, कोणी उचललंच नाही." कुकर शिट्ट्या देत होता म्हणून तेव्हा बोलले नाही. फोन ठेवल्यावर कॅलेंडरकडे नजर गेली. अरे, काल गुरुवार! भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. ज्या वारी लाइट गेली की तू शिव्या घालतोस, तोच वार. तिथे राहून सहा महिने झाले तुला. बंद ऑफिसात फोन वाजत राहिला आणि तू इकडे नकार मिळाला म्हणून तोंड पाडून बसलास.

सातपूरच्या कारखान्यात मी २६ वर्षं हजेरी-पगार बघणाऱ्या टाइम ऑफिसात काढली. १९९३ साली लागले तेव्हा एचआर कोणी म्हणत नव्हतं, पर्सोनेल म्हणायचे. अर्ज यायचे ते आधी माझ्याच टेबलावर. आवक रजिस्टरात नोंद, शिक्का, की गेलं बॉक्स फाइलमध्ये. साहेबांना सवड झाली की फाइल आत जायची. त्यात महिनाअखेर आली की हजेरी, ओव्हरटाइम, कपाती. सात तारखेच्या आत पगार झालाच पाहिजे, कायदाच आहे तसा. तो हातावेगळा झाला की पंधरा तारखेपर्यंत पीएफचं चलन. त्या दिवसांत प्रत्यक्ष देव ऑफिसात आला असता तरी मी "बसा" म्हटलं असतं आणि विसरून गेले असते. आता सगळं कॉम्प्युटरवर आलं, पण तारखा त्याच आहेत. तेव्हा २८ पासून ७ पर्यंत कोणाला फोन करत जाऊ नकोस. १६ ते २५ या दिवसांत माणसं जरा माणसासारखी बोलतात.

एक गोष्ट सांगते, तुझ्या बाबांनाही कधी सांगितली नाही. सिन्नरकडचा एक मुलगा होता, आयटीआय फिटर. साहेबांनी त्याच्या अर्जावर "बोलवा" असा शेरा मारून फाइल परत पाठवली होती. दिवाळी बोनसची धांदल चाललेली. ती फाइल माझ्या कपाटावर रजेच्या कार्डांच्या गठ्ठ्याखाली गेली आणि तीन आठवडे तिथेच राहिली. एक दिवस तो गेटवर आला. वॉचमनने आत सोडलं तर खुर्चीवरही बसला नाही. "मॅडम, १२ तारखेला अर्ज दिला होता. पोचला का, एवढंच विचारायचं होतं." मी रजिस्टर उघडलं. नोंद होती, नंबर होता, फाइल नव्हती. मला जो घाम फुटला! शेवटी गठ्ठा उपसला तेव्हा सापडली. तो लागला, पुढे पर्मनंटही झाला. आपला अर्ज माझ्या वेंधळेपणामुळे अडकला होता हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मी पेढा मात्र खाल्ला.

त्याच सुमाराला दुसरा एक होता. रोज फोन. नाव नाही, गाव नाही, थेट "माझं काय झालं?" तिसऱ्या दिवशी मी ऑपरेटरला सांगून ठेवलं, मॅडम मीटिंगमध्ये आहेत म्हणायचं. मी आयुष्यात एका मीटिंगला गेले नव्हते.

तू पाठवलेली मेल ताईने वाचून दाखवली. "अद्याप उत्तर आलेले नाही, कृपया त्वरित कळवावे." घरभाडं थकल्याची नोटीस वाटते बाळा. असं काहीतरी लिही: "मॅडम, ५ तारखेला क्वालिटी विभागाच्या ट्रेनी पदासाठी माझी मुलाखत झाली. आठवड्यात कळवू असं आपण म्हणाला होतात, म्हणून विचारतो आहे. दरम्यान माझं डिप्लोमाचं सर्टिफिकेट हातात आलं, ते सोबत जोडलं आहे. आणखी काही कागद हवे असतील तर सांगावं." कोण, कुठली जागा, कोणती तारीख, एवढं आधी आलं की समोरच्या बाईला शोधायला पाच मिनिटं लागत नाहीत. शोधायला लागलं की ती पुढची मेल उघडते. मीही तेच केलं असतं. आणि रात्री दहाला व्हॉट्सॲप करून निळ्या टिका बघत बसू नकोस. तीही घरी पोळ्या लाटत असेल.

आणखी एक. तू अनोळखी नंबर उचलत नाहीस. आमच्या वेळी अर्जावर शेजाऱ्यांचा फोन देऊन पुढे "पी.पी." लिहायचे. मी फोन लावायचा, शेजारच्या काकूंनी गॅलरीतून हाक मारायची, मग मुलगा धापा टाकत यायचा. तुझ्या खिशात फोन आहे आणि ०२० चा लँडलाइन दिसला की तू कट करतोस, लोनवाले असतील म्हणून. निदान या महिन्यात उचल. फक्त रजिस्ट्रेशनचे, युनिफॉर्मचे म्हणून कोणी पैसे मागितले तर फोन तिथेच ठेवून दे. नोकरी देणारा पगार देतो, मागत नाही.

मुलाखत झाल्यापासून बाकीचे अर्ज थांबवलेस, ते मला पटलं नाही. चाकणला, रांजणगावला पाठवत राहा. भोसरीला या मंगळवारी फोन कर, अकराच्या सुमाराला. नाहीच काही कळलं तर तीन आठवडे जाऊ देत, म्हणजे पगाराचे दिवसही टळतील, आणि अजून एकदा विचार. मग सोड.

रविवारच्या एसटीने डिंकाचे लाडू पाठवते आहे. मागचा डबा अजून आलेला नाही.

आणि हो, मीही तुला रोज "काही कळलं का" विचारते, हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं. आता फक्त गुरुवारी विचारीन. बाबांचं मात्र मी सांगू शकत नाही.

तुझी आई