विमा कार्यालयातल्या त्या ताईंना

प्रिय ताई,
स.न.वि.वि.

बाबांच्या पॉलिसीवरच्या दुरुस्त्यांचं एन्डॉर्समेंट, म्हणजे त्या बदलांची कंपनीने दिलेली लेखी नोंद, हातात पडलं. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं जाहीर पत्र.

बाबांचा जन्म ३ डिसेंबरचा. बाँडवर, म्हणजे पॉलिसीच्या मूळ कागदावर, छापलं होतं १२ मार्च. कुणीतरी दिवसाचा महिना आणि महिन्याचा दिवस केला होता. तुमच्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांचं उत्तर एकच: साल बरोबर आहे ना, मग बाकीचं क्लेमच्या वेळी बघू. तुम्ही मात्र म्हणालात, "क्लेमच्या वेळी सही करायला विमेदार नसतो हो." ऐकायला कठोर वाटलं, पण आयुर्विम्याच्या कागदांबद्दल इतकं खरं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही बाबांनी विमा घेताना भरलेल्या मूळ प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विम्याच्या अर्जाची, प्रत काढायला लावलीत. त्यात तारीख बरोबर होती, म्हणजे चूक टायपिंगची. हे सिद्ध होणं किती महत्त्वाचं, ते मला तिथेच कळलं. फॉर्ममध्येच चुकीची तारीख असती, तर प्रश्न वय चुकीचं सांगितल्याचा झाला असता आणि खुलासा बाबांना द्यावा लागला असता. पॉलिसी सुरू झाली जूनमध्ये. पूर्ण झालेलं वय धरलं तर मार्चमध्ये जन्मलेला माणूस तोवर एका वर्षाने पुढे गेलेला असतो, आणि हप्ता वयावरच ठरतो. म्हणजे बाबा इतकी वर्षं थोडा जास्तच हप्ता भरत होते! तो फरक परत मागायचा अर्जही तुम्हीच सुचवलात. कंपनीच्या खुर्चीत बसून कंपनीकडून पैसे परत मागायला सांगणारं माणूस विरळाच.

आणि नॉमिनीचं ते नातं! मी तारखेपलीकडे काही पाहिलंच नव्हतं. तुम्ही बाँड पहिल्या ओळीपासून वाचलात, म्हणून आईच्या नावापुढे 'बहीण' लिहिलेलं सापडलं. (घरी यावर आई मनसोक्त हसली. बाबांना अजून चिडवते.) फोन नंबरही जुनाच होता, म्हणजे हप्त्याची आठवण करून देणारे मेसेज कुण्या अनोळखी माणसाला जात असणार.

खरी अडचण सहीची होती. हाताच्या कंपामुळे बाबांची सही आता जुन्या सहीशी जुळत नाही, आणि मुलीची सही चालत नाही. तुम्ही नियम वाकवला नाहीत, मला उगाच हेलपाटेही घालायला लावले नाहीत. साक्षीदारासमोर अंगठा कसा घ्यायचा, साक्षीदाराने कुठे काय लिहायचं, ते पेन्सिलीने खुणा करून दाखवलंत. अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यायलाही तुम्हीच बजावलंत. पुढे एका टेबलावर "तुमचा अर्ज दिसत नाही" असं ऐकावं लागलं, तेव्हा ती पोचच कामी आली.

एन्डॉर्समेंट तुम्ही सांगितल्याप्रमाणे मूळ बाँडलाच जोडून ठेवलं आहे. ऑनलाइन खात्यातही तारीख, नातं आणि नंबर बदललेले दिसतात, तपासून घेतलं. फरकाची रक्कम अजून यायची आहे, त्याचा पाठपुरावा मी करते आहे. तुमच्या वरिष्ठांनाही वेगळं पत्र दिलं आहे. त्यात खिडकीचा नंबर लिहिलाय, म्हणजे ते योग्य टेबलावर पोहोचेल.

आपली कृतज्ञ,
एका विमेदाराची मुलगी